ऐनाच्या शेंड्यावर

माझा राग वाईट. रोह्याच्या बाजारात कोणालाही विचारा. त्या रागापायी मी माझ्या शांतीचं जुळत आलेलं लग्न मोडायला निघालो होतो, ती गोष्ट सांगतो.

साल एकोणऐंशी, फाल्गुन लागलेला. पेणच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी बाबाजी म्हणून एक शेतकरी, त्यांचा मुलगा दत्तात्रेय. आधीच्या तीन स्थळांना नाक मुरडणारी माझी लेक या दत्तूचं नाव निघालं की गालात हसत चुलीपाशी पळायची. पसंती झाली होती, आता फक्त घर बघायचं राहिलं होतं. म्हणून मी आणि माझी धाकटी बहीण धोंडुबाई एसटीनं पेणला उतरलो आणि पायवाट धरली. निघताना शांती म्हणाली होती, "बाबा, तिथं भांडू नका हां." मी व्हय म्हटलं होतं.

गावात शिरायच्या आधीच माझं डोकं फिरलं. समोरच्या उतारावर सगळी ऐनाची झाडं बोडकी. एकाही झाडाला शेंडा नाय, नुसती खोडं आणि हातहातभर खुंट. खाली टहाळाचे, तोडलेल्या पानाफांद्यांचे, ढीग नीट रचून ठेवलेले.

राबाला टहाळ आम्हीपण तोडतो. ज्या जमिनीत भाताचं रोप टाकायचं, तिच्यावर वाळला टहाळ जाळायचा, म्हणजे तण मरतं आणि रोप जोर धरतं. पण आमच्या गावात खालच्या फांद्या घेतात आणि शेंडा झाडाला ठेवतात. कोणी शेंडा तोडला तर गावकी बसते आणि त्या घराला वर्षभर रानात कोयता लावायची बंदी होते. हे माझ्या आज्यापासून चालत आलंय.

"दादा, आपण घर बघाया आलोय, झाडं नाय," धोंडुबाई म्हणाली.

"तू गप गो," मी म्हटलं.

बाबाजींनी चांगलं स्वागत केलं. पाय धुवायला पाणी आलं, त्यांच्या बायकोनं, कृष्णाबाईंनी, पोहे आणले. मी बशीला हात लावला नाही. "हा उतार कोणाचा?" मी विचारलं.

"आमचाच," बाबाजी खुशीत म्हणाले. "आठ दिवस मी आणि दत्तू झाडावरच होतो. म्हटलं, पाव्हणे यायच्या आत काम झालेलं दिसू दे. घर कष्टाचं हाय, हे कळायला नको?"

म्हणजे माझ्यासाठी त्यांनी झाडं बोडकी केली होती. मला हसू यायला हवं होतं, पण मला राग आला.

"आमच्यात याला कष्ट म्हणत नाय, हावरेपणा म्हणतात."

बाबाजींचा चेहरा उतरला. "अवो, शेंडा ठेवला तर सावली पडते. खाली आम्ही नाचणी करतो, ती कशी पिकायची? आणि मागल्या अंगाला..."

"मागलं पुढलं मला सांगू नका. झाडाला जी माणसं एक पान ठेवत नाय, ती माझ्या पोरीला काय ठेवणार? नाय द्यायची मला पोरगी इथं."

धोंडुबाईनं डोक्यावरचा पदर पार कपाळापर्यंत ओढला. दत्तू ओसरीच्या खांबाला टेकून उभा होता, तो जमिनीकडे बघायला लागला. मला आतून वाईट वाटलं, पण तोंडातून गेलेला शब्द परत घ्यायची मला सवय नव्हती.

कृष्णाबाई तेवढ्या शांत होत्या. म्हणाल्या, "विहिरीवरचा ऐन तोडायचा राहिलाय. तुमच्यात कसा तोडतात ते दाखवा तरी. आम्हीपण शिकू."

मी उठलोच. वय छपन्न, अंगावर घर बघायचं म्हणून घातलेलं पांढरं धोतर. बाबाजींचा कोयता घेतला आणि चढलो. एक फांदी पायाखाली, की तिच्या खालची साफ. आमची पद्धत अशी की फांदी खोडालगत कापायची, खुंट ठेवायचा नाही, खोड कसं गुळगुळीत दिसलं पाहिजे. खालून धोंडुबाई काहीतरी ओरडत होती. मी लक्ष दिलं नाही. कोयता खाली टाकला, शेंड्याच्या बेचक्यात बसलो आणि धोतरानं घाम पुसला.

तिथून डोंगराची मागली बाजू दिसली. ऐनांची दाट रांग, शेंडे डवरलेले, वर्षभराची वाढ, आणि त्यापलीकडे त्याहून दाट, दोन वर्षांची. बाबाजी मघाशी हेच सांगायला निघाले होते. या लोकांनी रानाचे तीन वाटे केले होते. एका वर्षी एकच वाटा तोडायचा आणि मग दोन वर्षं त्याच्याकडे बघायचं नाही. आमच्याकडे शेंडा राहतो, पण दरवर्षी प्रत्येक झाडावर चढतोच आम्ही. इतकं भरलेलं रान मी आमच्या गावात कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मला लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

खाली उतरून माफी मागावी म्हणून पाय सोडला, तर पायाला काही लागेना. खाली तीन पुरुष उंचीचं खोड, आणि एकही खुंट नाही. आमच्यात उतरायला कमरेला दोर बांधतात. रागाच्या भरात मी दोर मागितलाच नव्हता.

"काय झालं?" बाबाजींनी विचारलं.

"काय नाय. बसलोय जरा."

मग दत्तू कमरेला दोर गुंडाळून खोडाला मिठी मारून वर आला. दोर बेचक्याला बांधला, माझ्या खाली खोडाला पाय रोवले आणि म्हणाला, "मामा, दोर धरा आणि माझ्या खांद्यावर पाय ठेवा. मग सावकाश जाऊ."

"नाय जमायचं," मी म्हटलं.

"का? मी धरतो तुम्हाला."

"अरे, ज्याचे पाय मी मांडवात धुवायचे, त्या जावयाच्या खांद्यावर पाय कसा ठेवू?"

हे माझ्याच तोंडून गेलं. खाली धोंडुबाईनं डोक्यावरचा पदर मागे सारला. बाबाजी वर बघत राहिले, आणि कृष्णाबाईंनी तोंडाला पदर लावला. हसत होत्या की रडत होत्या, मला वरून दिसलं नाही.

दत्तूचे कान लाल झाले होते. दोर घट्ट धरून तो म्हणाला, "मामा, अजून झालो नाय जावई. तोवर ठेवून घ्या."

मी पाय ठेवला.