अकरा नंबरची कडी

मी बोलतेय, पण जरा घाईत. टेबलाचा हा खण उघडा आहे तोवरच माझं ऐकून घ्या. एकदा बंद झाला की पुन्हा कधी उघडेल ते सांगता येत नाही.

मी पितळेची एक कडी. खाडीच्या तोंडाशी संरक्षित किनारा आहे. तिथे परवान्याशिवाय कालवं काढायला बंदी आहे. परवान्याबरोबर प्रत्येकाला किनाऱ्याचा एक पट्टा आणि त्याच नंबरची एक कडी मिळते. काढलेलं प्रत्येक कालव कडीत घालून बघायचं. आरपार पडलं तर ते लहान, उचललं तिथेच परत ठेवायचं. अडकलं तर टोपलीत. माझं भोक बरोबर सत्तर मिलिमीटरचं होतं. मला घडवणाऱ्या कारागिराने ते तीनदा मापलं, अंगावर अकरा आकडा ठोकला आणि म्हणाला, "जा बाई, आता तू सरकारी झालीस."

मी ज्यांच्याकडे गेले त्यांना सगळा किनारा काकू म्हणायचा. एकतीस वर्षं मी त्यांच्या गळ्यात दोरीने लटकत होते. ओहोटी लागली की आम्ही गुडघाभर चिखलात. काकूंचा स्वभाव शंकेखोर. अडकलेलं कालवही त्या दोनदा फिरवून बघायच्या. शेजारच्या पट्ट्यातला परवानेवाला ओरडायचा, "काकू, तुमची कालवं काय लग्नाच्या वयाची झाल्याशिवाय निघतच नाहीत!"

"तू तुझ्या टोपलीत बघ," काकू म्हणायच्या.

काम संपलं की त्या मला ओल्या वाळूने घासायच्या, आतून-बाहेरून, अगदी लख्ख होईपर्यंत. मला बरं वाटायचं. त्यात काही चुकतंय हे त्यांना कळलं नाही आणि मलाही नाही.

मग काकूंचे गुडघे गेले. परवाना सुनेच्या नावावर करायचा ठरला, आणि नेमके त्याच वर्षी अकरा परवान्यांचे आठ होणार होते. सासू-सुना मला घेऊन इथे, या कार्यालयात आल्या. परवाना बघणाऱ्या मॅडमनी मापपट्टी माझ्या पोटात घातली. काढली. पुन्हा घातली.

"ही कडी कोणी बदलली?"

सून दचकली. मॅडमनी नियम वाचून दाखवला. कडीच्या मापात फेरफार आढळला तर परवाना रद्द. आदल्या वर्षी एकाने आतून कथलाचा डाग देऊन भोक लहान केलं होतं, लहान कालवंही अडकावीत म्हणून. त्याचा परवाना गेला होता.

"माप आलं तरी किती?" काकूंनी विचारलं.

"चौऱ्याहत्तर. चार मिलिमीटर जास्त."

"झिजली असेल," सून म्हणाली. "आई रोज वाळूने घासतात तिला."

"रोज? कशाला?"

"लोकांच्या तोंडात जाणारी वस्तू," काकू म्हणाल्या. "ती घाणेरड्या कडीने मापायची?"

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अहो काकू, म्हणजे टोपलीत घालता आली असती अशी कालवं तुम्ही इतकी वर्षं परत टाकताय!"

काकूंचा चेहरा उतरला. सुनेने मात्र विचारलं, "मग परवाना राहिला की गेला?"

मॅडम नियम पुन्हा वाचत बसल्या. त्यात फेरफार एवढंच लिहिलं होतं, कोणत्या बाजूचा ते नव्हतं. मी टेबलावर थरथरत होते. नाव पंख्याचं होत होतं. शेवटी त्यांनी पाहणीचे कागद काढले. अकरा नंबरच्या पट्ट्यात कालवं सगळ्यांत दाट होती. परवाना सुनेला मिळाला, एक नवी कोरी कडीही मिळाली. मला चिठ्ठी चिकटवून खणात टाकलं.

वर्षभर इथेच आहे, सुकलेल्या शिक्क्यांच्या आणि संपलेल्या पेनांच्या सोबतीत. चैन पडत नाही. माझ्यातून जी खाली पडायची, ती आता नव्या कडीत अडकत असतील. तीच तर मागे राहून आणखी वाढायची, पिल्लं सोडायची. पट्टा दाट होता तो त्यांच्या जिवावर.

आज सून वर्षाच्या तपासणीला आली. नमुन्याची दहा कालवं तिने टेबलावर मांडली. नव्या कडीत दहाच्या दहा अडकली. मग मॅडमना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी खण उघडून मला बाहेर काढलं आणि तीच कालवं माझ्यात घातली. सात अडकली. तीन खट खट खट करत टेबलावर पडली.

"नियमाने बरोबर आहेत. न्या तुम्ही," मॅडम म्हणाल्या.

सून त्या तीन कालवांकडे बघतच राहिली. "आईंनी घेतली नसती," ती म्हणाली. तिने ती ओल्या गोणपाटात गुंडाळली.

"अहो, निघालात कुठे? शिक्का राहिलाय."

"उद्या येते. भरती चढायच्या आत यांना जागेवर ठेवते."

दारातून ती मागे वळली. "मॅडम, ती कडी..."

"जप्त आहे हो. नाही देता येणार."

ती गेली. मॅडमनी मला पुन्हा खणात ठेवलंय, पण खण लावलेला नाही. हात तसाच खणावर आहे.

मॅडम, माप घ्यायचं काम नव्या कडीकडेच राहू द्या. माझी तक्रार नाही. मला फक्त तिच्या गळ्यात लटकू द्या, जेमतेम मापाची कालवं सोडून द्यायला तिचा हात शिकेपर्यंत. आज तीन वाचली, ती तुम्ही खण उघडलात म्हणून. उद्या सकाळी साडेसहाला ओहोटी आहे, भिंतीवरच्या तक्त्यात लिहिलंय. तिचा हात चिखलात जाईल आणि मी इथे असेन.

मॅडम, खण लावू नका.