सोमाजीचं पथ्य

सोमाजीचं पथ्य लग्नापासून मनकर्णाच पाळत आली होती. त्याला मीठ वर्ज्य सांगितलं, तर अळणी भाजी हिनं खाल्ली. त्याला बिडी सोडायला सांगितली, तर जन्मात न ओढलेली बिडी हिनं सोडली. यात कुणाला काही वावगंही वाटलं नाही, मेलं!

सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात सोमाजीचा पाय चिघळला आणि धानोऱ्याच्या दवाखान्यात त्याला सुया सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, "जखम भरेल, पण या सुईनं किडनीला मार बसू शकतो. रोज आवळे खा. त्यातल्या सी जीवनसत्त्वानं प्रयोगातल्या उंदरांच्या तरी किडन्या वाचल्या."

"मले काय उंदीर समजता?" सोमाजी गुरकावला.

मग जंगलातून आवळे आणून, दात आंबेपर्यंत मनकर्णानंच खाल्ले.

पुढल्या तपासणीत सोमाजीच्या किडन्या बिघडलेल्या निघाल्या. खरा प्रकार कळल्यावर डॉक्टरांनी कपाळावर हात मारला आणि रागारागानं तिचीही तपासणी केली.

"बाई, तुमच्या किडन्या एकदम ठणठणीत!"

सोमाजीचा चेहरा खुलला. "मंग अडलं कुठी? तिचीच एक मले लावा ना!"

मनकर्णानं पदराची गाठ सोडून आवळा काढला आणि जन्मात पहिल्यांदा नवऱ्याचं पथ्य नवऱ्याच्याच तोंडात कोंबलं.