पाच तारखेचे पैसे

“ते मोबाइलमधनं दर महिन्याला आपसूक येतंय ना, ते आधी बंद कर. तुझ्या ध्यानात ऱ्हायचं न्हाई,” माझ्या लेकाचे, समर्थचे बूट पिशवीत कोंबत सुमनताई म्हणाल्या.

“करते ताई, संध्याकाळी.”

“तू संध्याकाळी म्हणलेलं कधी केलंयस?” त्या हसल्या. मीही हसले आणि रिक्षात बसले.

मे महिना संपत आला होता. चाकणच्या कंपनीतली माझी नोकरी सुटली होती, त्यामुळे पाळणाघराची गरज उरली नव्हती. दिघीतल्या दोन खोल्यांत सुमनताई एकट्या राहायच्या आणि मुलं सांभाळायच्या. एके काळी सहा होती, शेवटी एकटा समर्थच उरला होता. आम्ही मोशीला राहायला गेलो तरी मी त्याला उलट्या वाटेने त्यांच्याकडेच सोडायची. तसं माणूस दुसरं मिळालं नाही. पाच तारखेला त्यांचे पाच हजार आमच्या खात्यातून आपोआप जायचे. ते मी बंद केलं नाही.

सप्टेंबरात एका दुपारी माझा नवरा समाधान पहिली शिफ्ट करून आला आणि डबा ओट्यावर ठेवून त्याने फोन माझ्यापुढे धरला.

“आपलं खातं वजा चौदा हजार का दाखवतंय?”

त्याच्या पगाराच्या खात्यावर ओव्हरड्राफ्ट होता. शिल्लक संपली तरी बँक पैसे देत राहिली आणि दर महिन्याला वर दंड आणि व्याज लावत राहिली. बँकेचे मेसेज मी अर्धवट वाचून पुसत होते. आता नीट पाहिलं. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. चारही वेळा सुमनताईंचं नाव.

“मूल घरात आणि पाळणाघराची फी चालू. वर बायको बी.कॉम.,” समाधान म्हणाला. ऑक्टोबरचा घराचा हप्ता आता ओव्हरड्राफ्टमध्येही बसणार नव्हता.

बँकेतल्या मिनल मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. “सूचना तुम्हीच दिलेली, त्यामुळे बँकेची चूक नाही. पण पैसे चुकून आले, परत देतेय, असं त्यांनी लिहून दिलं तर चार्जेस काढायला मी साहेबांकडे अर्ज पाठवते. देतील ना लिहून? ओळखीच्या आहेत?”

“घरच्यासारख्या,” मी म्हणाले.

पायऱ्यांवर उभी राहून फोन लावायला गेले, तर त्यांचेच कॉल दिसले. जूनमध्ये दोन, जुलैत तीन. प्रत्येक वेळी फोन वाजताना मी बघितला होता. त्या म्हणतील, समर्थला पाठव गं, घर रिकामं झालंय; आणि नाही म्हणायला माझी जीभ रेटायची नाही. म्हणून उचलला नव्हता. ऑगस्टपासून एकही कॉल नव्हता. मी लावला, तर बंद.

समर्थला घेऊन दिघीला गेले. एक तरुण बाई गोणीत भांडी भरत होती.

“सुमनताई आहेत?”

“मी दिव्या, त्यांची सून. आई गेल्या की. सोळा ऑगस्टला.” तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं. “ताप अंगावर काढला. आम्ही तळेगावला, आम्हाला कळवलंच नाही. शेजाऱ्यांना दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समजलं. आधी कसं, सकाळी साडेसातला पोरांचे आईबाप यायचेच. आता कोण येणार?”

ती सहज बोलली.

“तुम्ही समर्थच्या आई ना?” तिने आतून स्टीलचा डबा आणला. कॅलेंडरच्या कागदात पंधरा हजार गुंडाळलेले होते. वर त्यांचं वाकडंतिकडं अक्षर होतं : समर्थच्या आईचे. हात लावू नये.

“तुम्हाला फोन लावायच्या. उचलला नाही की बँकेत जाऊन काढून आणायच्या. म्हणायच्या, तिची नोकरी गेलीय, तिला लागतील.”

पैशांबद्दल मी अजून एक शब्दही काढला नव्हता.

सप्टेंबरचे पाच हजार त्यांच्या खात्यातच अडकले होते. त्या गेल्यावर विसाव्या दिवशी मी त्यांना समर्थला सांभाळल्याची फी पाठवली होती.

दिव्याने वारस म्हणून लिहून दिलं. आठवड्याने दंडही परत आला. “बघा, मिटलं,” मिनल मॅडम म्हणाल्या. मी मान हलवली. हप्ता वेळेवर गेला.

हे वाचणाऱ्या आयांनो, तुम्ही कामावर असताना तुमच्या लेकराला कुणीतरी भरवलं असेल, निजवलं असेल. लेकरू मोठं झालं आणि तुमचं तिकडे जाणं थांबलं असेल. आज तिच्याकडे जाऊन या. नुसता फोन नको. दार वाजवा, आणि आतून आवाज येईपर्यंत तिथून हलू नका.