ठेवणीची लीग मोडली तेव्हा

मर्लचा हात वर गेला, तशी त्याच्या बायकोने, नोरीनने, तो खाली ओढला. आम्हा सगळ्यांच्या देखत. मतदान कशावर चाललंय हे त्याला कळलंच नाही, असं तिला वाटलं.

"मर्ल, गॉर्डी लिलावाचं विचारतोय. आपल्याला नकोय ना लिलाव? मग हात खाली," ती त्याच्या कानाशी म्हणाली.

मर्लने तिच्या हातातून मनगट सोडवून घेतलं आणि हात आणखी वर केला.

"सहा विरुद्ध चार," गॉर्डी म्हणाला. "ठेवणीची पद्धत बंद. ऑगस्टपासून लिलाव."

हे सगळं माझ्या खानावळीत चाललं होतं. आमच्या गावात दर गुरुवारी एका मोठ्या कोठारात गुरांचा लिलाव भरतो आणि त्या कोठाराला लागूनच माझी खानावळ आहे. माझं नाव अर्लिस. आमची अमेरिकन फुटबॉलची कागदावरची लीग या टेबलांवरच सुरू झाली आणि दहा जणांत बाई मी एकटीच. खेळ सोपा असतो. खऱ्या संघांतले खरे खेळाडू आपण आपल्या नावावर घ्यायचे. रविवारी हाडं त्यांनी मोडून घ्यायची आणि त्यांच्या खेळावरून गुण आम्ही मोजायचे, तेही कॉफी पीत.

ठेवणीची पद्धत म्हणजे एकदा घेतलेला खेळाडू तुम्ही सोडेपर्यंत तुमचाच. त्या पद्धतीचं भलं एकट्या डुएन हाबरकॉर्नने करून घेतलं. टेरेल व्हॉस नावाचा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, कुणाच्या खिजगणतीत नव्हता, तेव्हा डुएनने त्याला घेऊन ठेवला. पुढे तो व्हॉस असा काही तळपला, की दर वर्षी डुएनच जिंकायचा आणि अख्खा हिवाळा आम्हाला त्याच्या बढाया ऐकाव्या लागायच्या. शेवटी तिघांनी सांगून टाकलं, पद्धत बदला, नाहीतर आम्ही चाललो. सात जणांची कसली लीग? म्हणून विमा विकणाऱ्या गॉर्डीने हा तोडगा काढला. दर ऑगस्टला सगळे खेळाडू मोकळे करायचे, प्रत्येकाला दोनशे लटके डॉलर द्यायचे, आणि ज्याची बोली मोठी त्याचा खेळाडू. पुढच्या वर्षी पुन्हा सगळं पहिल्यापासून.

यात वावगं काहीच नव्हतं. अडचण फक्त मर्लची होती.

मर्ल स्कार्डा म्हणजे आमच्या बाजाराचा लिलाववाला. तीस-पस्तीस वर्षं त्याचाच आवाज त्या कोठारात घुमला. मी इकडे बटाटे सोलताना भिंतीपलीकडून तो ऐकू यायचा, आणि आवाजाच्या चालीवरूनच मला कळायचं, की आज भाव चढलाय आणि लोक जेवायला खुशीत येणार आहेत. दोन हिवाळ्यांपूर्वी सकाळच्या न्याहारीला त्याला पक्षाघाताचा झटका आला. हातपाय सावरले, समज शाबूत राहिली, पण बोलणं गेलं ते गेलंच. 'हो' आणि 'नाही' उरले, तेही बऱ्याचदा एकाच्या जागी दुसरं. आणि एक शिवी उरली. ती मात्र खणखणीत यायची, आणि ती यायला चर्चमधली प्रार्थनेची वेळच सापडायची. पाद्रीबाबांनी कधी मान वर केली नाही, हा त्यांचा मोठेपणा.

सू फॉल्स शहराच्या इस्पितळातली बाई त्याला चित्रं दाखवून बोलायला शिकवायची. गायीचं चित्र पुढे आलं की मर्ल बघत राही. बैलाचं वजन लांबून बघून सांगणारा माणूस तो, पण 'गाय' म्हणता येईना.

"गाय नाही म्हणाला तरी चालेल गं," नोरीन एकदा माझ्याकडे बशा पुसता पुसता म्हणाली होती. "माझं नाव तरी यावं. सकाळी उठतो, माझ्याकडे बघतो, ओठ हलवतो. मग नुसताच माझा दंड थोपटतो. घोड्याला थोपटावं तसा."

मी तिच्या हातातली बशी घेतली आणि पुन्हा पुसली.

तर ठेवणीच्या पद्धतीत मर्लचं बरं चाललं होतं. नोरीन त्याच्या जुन्या खेळाडूंची नावं वाचायची, तो मान डोलवायचा, की झालं. आमच्या टेबलावरची त्याची खुर्ची टिकून होती. लिलावात ओरडून बोली लावावी लागणार, आणि तीही कुठे, तर या बाजाराच्या भिंतीला लागून. नोरीनचा जीव तेवढ्यासाठी खाली-वर होत होता. मतदान झाल्यावर ती तरातरा माझ्या स्वयंपाकघरात आली.

"तू पण हात वर केलास ना?"

"केला. डुएनचं तोंड किती वर्षं बघायचं, नोरीन?"

"आणि सगळ्यांपुढे माझ्या नवऱ्याचं तोंड उघडंच राहिलं म्हणजे?"

"त्याने स्वतःच हात वर केलाय ना? तू ओढलास, तरी केला."

ती म्हणाली, "तेच तर कळत नाही मला."

ऑगस्टातल्या शेवटच्या रविवारी दुपारी सगळे जमले. बाहेर मका माणसापेक्षा उंच झाला होता. मी बीफ आणि बटाट्यांवर दाट रस्सा ओतून सगळ्यांना वाढलं आणि मनुकांची पेस्ट्री नंतरसाठी झाकून ठेवली. नोरीन वही घेऊन बसली. बाजारात तिने मर्लच्या शेजारी बसून विक्री लिहिण्याचंच काम जन्मभर केलं होतं, म्हणून गॉर्डीने ते तिला दिलं. मर्ल तिच्या बाजूला, इस्त्रीच्या शर्टात.

"बोली तोंडाने, मोठ्याने लावायची," गॉर्डीने बजावलं. "मान डोलवणं वगैरे चालणार नाही."

सगळे हो हो म्हणाले, आणि तिसऱ्या खेळाडूला सगळे विसरले. विसरणारच. ही सगळी गुरं घेणारी माणसं. गुरांच्या लिलावात शहाणा माणूस तोंड उघडत नाही, कारण आपल्याला हे जनावर हवंय हे शेजाऱ्याला कळलं, की तो भाव चढवतो. म्हणून प्रत्येकाची आपली एक खूण असते. डुएन डावा डोळा अर्धा मिटतो. लाइल ऑस्ट्रेम दातातली काडी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेतो. माझीसुद्धा आहे. मी खांद्यावरचं फडकं सारखं करते. गॉर्डी बिचारा विमावाला. तो मान खाली घालून फोनमध्ये बघत, मधूनच एखादी नजर वर टाकत आकडे पुकारत होता, विम्याची कलमं वाचावीत तसा.

आणि मग टेरेल व्हॉसचं नाव निघालं.

"चाळीस... लाइल, चाळीस. कुणी जास्त? नाही? लाइलला दिला."

डुएन ताडकन उठला. "दिला? कुणाला दिला? मी एक्केचाळीस केले होते."

"मला ऐकू नाही आलं."

"ऐकू कसं येईल? डोळा मिटला ना मी."

"डुएन, तोंडाने बोलायचं ठरलं होतं."

"आणि लाइल काय तोंडाने बोलला? काडी फिरवली त्याने. त्याची काडी दिसते आणि माझा डोळा दिसत नाही होय रे?"

"तू पापणी लववलीस की बोली लावलीस हे देवाला तरी कळतं का?" लाइल म्हणाला. "व्हॉस माझा. विषय संपला."

"मग लीग पण संपली," डुएनने टोपी डोक्यावर चढवली. "तुमचे लटके डॉलर तुम्हाला लखलाभ."

त्याच्या मागोमाग आणखी दोघे उठले. इतक्या वर्षांची लीग एका पापणीवरून मोडणार, असं मला स्पष्ट दिसत होतं. नोरीनने वही मिटली.

तेवढ्यात ठक् असा आवाज झाला. मर्लने कॉफीचा मग टेबलावर आपटला होता. तो उभा राहिला. डुएनकडे बोट दाखवलं आणि मग त्याच बोटाने स्वतःच्या डाव्या डोळ्याला स्पर्श केला. म्हणजे त्याने डुएनची खूण पाहिली होती. मग तो लाइलकडे वळला, आणि मर्लच्या तोंडून निघालं,

"एक्केचाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस कोण, बेचाळीस देता, बेचाळीस बेचाळीस, आले बेचाळीस, आता त्रेचाळीस, त्रेचाळीस कोण, बोला त्रेचाळीस..."

मी कढईत डाव तसाच सोडला. भिंतीपलीकडून ऐकलेला तोच आवाज होता, तीच चाल, आकडा आकड्याच्या पाठीवर चढत चाललेला, मध्ये श्वास कुठे घेतला ते कळू नये असा. चर्चमध्ये इतकी वर्षं जाऊन जे मला कधी वाटलं नाही ते त्या क्षणी वाटलं. माझ्या चुलीपासून चार हातांवर काहीतरी फार मोठं घडत होतं, आणि मी एप्रनला हात पुसत ते बघत उभी होते.

उठलेले तिघे होते तिथेच बसले. डुएनने डोळा मिटला. लाइलच्या दातातली काडी फिरली. पुन्हा डोळा, पुन्हा काडी. मर्लच्या नजरेतून एकही खूण सुटत नव्हती.

"...सत्तावन्न, सत्तावन्न, एकदा, दोनदा, विकला! डुएन!"

नाव. त्याने नाव घेतलं होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून कुणा माणसाचं नाव आलं, आणि ते डुएन हाबरकॉर्नचं असावं याचं मला आजही वाईट वाटतं. घेणाऱ्याचं नाव पुकारणं हा लिलावाचाच भाग, चालीच्या ओघातच ते आलं. डुएन, एवढा बढाईखोर माणूस, खाली बघत बसला. व्हॉस मिळाल्याचं त्याच्या लक्षातही नसावं.

नोरीनने वही उघडली. तिने सत्तावन्न लिहिलं.

"मर्ल," गॉर्डी हळूच म्हणाला, "तुला बोलता येतंय?"

मर्लने त्याच्याकडे पाहिलं. ओठ हलले. कपाळावर आठी पडली. "नाही," तो म्हणाला, मग "हो," आणि मग ती शिवी.

तेव्हा आम्हाला उमगलं. साधं बोलणं आलं नव्हतं. आवाज होता तो फक्त त्या चालीत. चाल थांबली की तोही जात होता.

"नाव वाच, गॉर्डी," मी म्हणाले. "चटचट वाच. थांबू नकोस."

मग तो लिलाव असा चालला, की मी पेस्ट्री वाढायलाही गेले नाही. गॉर्डी नाव वाचायचा आणि मर्ल उचलायचा. स्वतःसाठी घ्यायचा असला की तो छातीवर बोट ठेवायचा, आणि त्यावर कुणीही शंका घेतली नाही. त्याचे खांदे मागे गेले, मान ताठ झाली. ज्या खेळाडूंना कुत्रं विचारत नाही त्यांच्यावरही आम्ही बोली लावत होतो, एकेक डॉलर, अर्धा डॉलर. "विकला! लाइल!" "विकला! अर्लिस!" माझं नाव पुकारलं तेव्हा मी फडक्यात तोंड लपवलं.

पण खेळाडू संपतातच. चेंडूला नुसती लाथ मारणारे किकरसुद्धा विकून झाले. गॉर्डीने फोन खाली ठेवला. "एवढेच," तो म्हणाला.

मर्ल उभा होता. तोंड अर्धवट उघडं, हात अजून हवेत.

डुएनने डोक्यावरची टोपी काढली आणि टेबलाच्या मधोमध ठेवली. घामाने काठ काळा पडलेली, बियाण्यांच्या कंपनीची फुकटची टोपी. "हिचं काय देता?"

मर्लने ती उचलून धरली. "एक, एक, एक कोण देतं, एक डॉलर, एक..."

माझा हात फडक्याकडे गेला होता. पण त्याआधी नोरीनने बोट वर केलं.

लिलाववाल्याची बायको नवऱ्याच्या लिलावात कधी बोली लावत नाही. ती भाव चढवतेय असं लोक म्हणतात. जन्मभर त्याच्या शेजारी बसून नोरीनने नखसुद्धा हलवलं नव्हतं, आणि म्हणूनच तिचं नाव त्या चालीत कधी आलं नव्हतं. मर्लने ते बोट पाहिलं. क्षणभर तो अडखळला.

"एक. आता दोन, दोन कोण, दोन देता, दोन..."

तो आमच्यावरून नजर फिरवत गेला. आम्ही पुतळ्यासारखे बसलो. लाइलने काडी थुंकून टाकली. डुएनने दोन्ही डोळे सताड उघडे ठेवले, त्यांना पाणी यायला लागलं तरी.

"एकदा," मर्ल म्हणाला. "दोनदा." तो थांबला. त्याला भीती वाटत होती, मला ते दिसत होतं. "विकली," तो म्हणाला, आणि त्याने तिच्याकडे पाहिलं.

"नोरीन."

ती उठली नाही, रडली नाही. तिने पेन घेतलं, टोपी, एक डॉलर असं लिहिलं आणि पुढे आपलं नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डुएनची टोपी घालूनच माझ्याकडे कॉफीला आली. मी काही विचारलं नाही. तिनेच सांगितलं.

"सकाळी उठला. माझ्याकडे बघितलं. ओठ हलवले. नाही आलं गं."

"मग?"

"मग दंड थोपटला." तिने कपात साखर घातली आणि ढवळली. "असू दे. लिलाव आता दर ऑगस्टला आहे ना?"

"दर ऑगस्टला," मी म्हणाले. "सगळं पहिल्यापासून."