वाढवलेला ट्रेबल

नांदूरघाटच्या उत्तरेश्वरनं लग्नसराईच्या तोंडावर नवे हेडफोन आणले. वरातीच्या साउंडचं काम तो पोरवयापासून करायचा; गाणी घरीच जुळवून न्यायचा. पण या हेडफोनात सगळंच दबलेलं वाटायला लागलं, तोंडावर चादर घेऊन कुणी गावं तसं.

मोबाइलातल्या इक्वलायझरमधली ट्रेबलची, म्हणजे बारीक, टिपेच्या आवाजाची पट्टी त्यानं थोडी वर सरकवली. मग आणखी थोडी. जाड आवाजाचा बास कमी केला. शेवटी ट्रेबल पार वर टेकला, तरी मनासारखं होईना.

"माल डुप्लिकेट हाय," तो वैतागून म्हणाला.

त्याची बायको स्वप्नाली ज्वारी निवडत बसली होती. "बघू," म्हणून तिनं हेडफोन कानाला लावले आणि लगेच ओढून काढले.

"अहो, काय लावलंय हे? कानात सुया टोचल्यावानी होतंय."

"मला तर दबून येतंय."

ती त्याच्याकडं बघत राहिली. मागच्या वरातीत आवाज लई कर्कश होता म्हणून नवरीकडच्यांनी तक्रार केली, तेव्हा तो त्यांच्याशीच भांडून आला होता. तिनं सगळ्या पट्ट्या मधोमध आणल्या, पोरीच्या शाळेतल्या नाचाचं रेकॉर्डिंग लावलं आणि हेडफोन त्याच्या कानांवर ठेवले.

"काय ऐकू येतं?"

"ढोलकी. बाई गाती हाय."

"अन् घुंगरू?"

"घुंगरू कुठं हायत याच्यात?"

तिनं एक बाजू आपल्या कानाशी धरली. घुंगरू स्पष्ट वाजत होते. त्या तालावर तिनं त्याच्या हातावर बोट वाजवलं, तेव्हा त्याला कळलं, खोट हेडफोनात नव्हती, कानात होती.

अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी कान तपासले. मोठ्या आवाजानं कानाच्या नसा खराब झाल्यात, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं जपा, असं सांगितलं. येताना एसटीत तो एवढंच म्हणाला, "कुणाला सांगू नको. काम देणार न्हाईत."

पुढच्या वरातीत साउंडच्या मिक्सरपाशी स्वप्नाली त्याच्या शेजारी उभी राहिली. ट्रेबल जास्त झाला की ती बोटानं खूण करायची. त्या दिवशी तक्रार आली नाही. नवरदेवाच्या दोस्तानं मात्र विचारलं, "वैनीला कशाला आणलं रं?"

"शिकतीय," उत्तरेश्वर म्हणाला. कानातले कापसाचे बोळे त्यानं आत दाबले आणि गर्दीकडं पाठ केली. हात पट्टीवर होता, नजर तिच्या बोटाकडं.