रविकांतच्या औषधाची दवंडी

रविकांतचं महारोगाचं औषध तालुक्याच्या दवाखान्यातून पंचायतीत आलं, तेव्हा सरपंच दाजींनी ते पोचवायचा सोपा मार्ग काढला. दवंडी पिटवली. ढोलवाला वाडीवाडीत ओरडत फिरला, "रविकांताचा महारोगाचा औषध इला, पंचायतीत येवन घेवन जावा!"

दुसऱ्या दिवशी रविकांतची बायको यमुनाबाई बाजारात बांगडे घेऊन बसली. बांगडे ताजे होते, पण गिऱ्हाइकं लांबून वळसा घालून जात होती. दुपारी तिने टोपली उचलली आणि नेऊन दाजींच्या टेबलावर ठेवली.

"पंचायतीने फक्त सूचना दिली," दाजी कचेरीतल्या मराठीत म्हणाले. "औषध चालू असलं की हा रोग पसरत नाही, असं डॉक्टरच सांगतात."

"गावाक ता ठावक नाय, पंचायतीक ठावक आसा. मगे पंचायतीनच खावन दाखवचा."

खिडकीशी माणसं जमली होती. दाजींना नाही म्हणायची सोय उरली नाही. बांगडे ओसरीवरच भाजले. पहिला घास दाजींनी बराच वेळ तोंडात धरला. दुसरा पटकन गेला. मग त्यांनी लिंबू मागितलं. यमुनाबाई तोंडावर काही न दाखवता उभी राहिली. संध्याकाळी उरलेली टोपली अर्ध्या भावात का होईना, खपली.

पुढच्या महिन्यात दाजी स्वतःच साध्या कागदाची पुडी घेऊन तिच्या दारात आले.

"कसली पुडी ती, दाजीनू?" शेजारणीने कुंपणावरून विचारलं.

"पंचायतीचा काम," दाजी म्हणाले आणि चालू लागले.