एकाच दोराला चौघं

आम्ही चौघंही मेलो, याबद्दल माझी काही तक्रार नाही. मरण सगळ्यांच्या देखत आलं, रीतसर आलं. माझी तक्रार आहे ती त्यानंतर भाऊजी जे बोलले त्याबद्दल. ते म्हणाले, "संपलं. पेटी बांधा."

खेळ ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. टेबलाभोवती बसायचं. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं आणि आपलं माणूस आता काय करणार ते बोलायचं. जमलं की फसलं, ते फासा ठरवतो. आमच्यात गोष्ट सांगायचे भाऊजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते लिफ्टची दुरुस्ती करायचे. कामावर असताना पाय चिरडला, गुडघ्याखालून काढावा लागला, आणि दिवसभर टकळी चालवणारा हा माणूस खिडकीशी बसून मुका झाला. ताईने सगळे उपाय करून पाहिले. शेवटी मी हा खेळ त्यांच्या गळ्यात मारला. आधी ते फक्त रविवारी दुपारी बोलायला लागले. मग शनिवारीही, तयारी म्हणून. मग ताई भाजी चिरत असताना तिला विचारायला लागले, "राणीच्या किल्ल्याला चोरदरवाजा ठेवू का गं?" त्या पेटीत खेळाचे फासे, नकाशे आणि सोंगट्याच होत्या, पण ती बंद झाली तर काय काय बंद होणार, हे मला चांगलं माहीत होतं.

खेळात ताई वैद्य होती. आमच्या गल्लीतला नळवाला होता भोपळा नावाचा धिप्पाड योद्धा. गाडी चालवायला शिकवणारी माझी मैत्रीण होती जादूगार. तिचं प्रत्येक वाक्य 'पण'ने सुरू होतं, म्हणून तिला सगळे पणबाई म्हणतात. तिच्याकडे शिकलेले लोक फार सावकाश गाडी चालवतात. मी चोरटी होते. पोटासाठी मी दातांच्या कवळ्या बनवते, त्यामुळे आमच्या सोंगट्याही कवळीच्या साच्याच्या प्लास्टरच्या. ज्याचं माणूस मरेल त्याने आपली सोंगटी माझ्या छोट्या हातोडीने स्वतः फोडायची, ही टेबलाची रीत. रडायचं असेल तर त्याआधी.

आणखी एक रीत होती. पहिल्याच मोहिमेत पणबाईचा जादूगार गुहेत मागे राहिला आणि आम्हाला ते बाहेर आल्यावर कळलं. त्या दिवसापासून अवघड जागी चौघांनी एकाच दोराला बांधून घ्यायचं ठरलं. शहाणी माणसं असं करत नाहीत. आम्ही करायचो.

गोष्टीतल्या राणीने नदी अडवून खालची गावं तहानेने मारायला काढली होती. तिचा बांध फोडायला आम्ही दरीच्या कड्यावरून निघालो. भोपळ्याचा पाय घसरला. त्याच्या भाराने एकेकाचे पाय सुटायला लागले. भाऊजी फासा नेहमी केकच्या पत्र्याच्या ताटात टाकायला लावतात, सगळ्यांना दिसावा म्हणून. तो दरवेळी आमच्याविरुद्ध पडला. मग त्यांनी एकेकाला विचारलं, "सुरी कमरेला आहे. दोर कापणार?"

ताई म्हणाली, नाही. नळवाला म्हणाला, नाही. मी म्हटलं, नाही. पणबाईसुद्धा 'पण' न लावता नाही म्हणाली. चौघंही दरीत गेलो.

"चौघं एका दोरावर!" भाऊजी ओरडले. "अरे, लिफ्टसुद्धा कुणी एका दोरावर टांगत नाही, गाढवांनो!" मग ताट बाजूला सारून ते म्हणाले, संपलं. कुणाला सोंगटी फोडायचंही सुचलं नाही.

त्या आठवड्यात ताईचा फोन आला. "पेटी घेऊन जा म्हणतात. परत खिडकीशी बसलेत. जेवायला हाक मारली की नुसतं 'हं'." तिचा आवाज बारीक झाला होता. मला मात्र सणसणीत राग आला. पाय गेला तो गेला, त्यावर कुणाचा इलाज नव्हता. ही पेटी मात्र ते स्वतःच्या हाताने बांधून देत होते. मी नळवाल्याला आणि पणबाईला रविवारी बोलावलं, आणि पिशवीत हातोडी टाकली.

भाऊजी खिडकीशी होते, कुबड्या भिंतीला टेकलेल्या. पेटी सुतळीने करकचून बांधून टेबलावर ठेवलेली.

"मिस्त्री," नळवाला लाडीगोडीने म्हणाला, "ते सगळं स्वप्न होतं म्हणा ना. सकाळ झाली, भोपळ्याला जाग आली."

"पण मग या सगळ्याला अर्थ काय?" पणबाई म्हणाली. "त्यापेक्षा चौघांना जुळे भाऊ होते म्हणू."

"मेलेलं मेलेलंच असतं," भाऊजी खिडकीबाहेर बघत म्हणाले. "उगाच खोटं बोलून मला खेळवू नका."

"बरोबर बोललात," मी म्हटलं. सुतळी कापली, माझी चोरटी बाहेर काढली आणि हातोडी घातली. टेबल दणाणलं. ताईने हातोडी घेतली आणि वैद्य फोडला. मग पणबाईने, मग नळवाल्याने. भोपळा जाड होता, त्याला दोन घाव लागले.

"झालं. मेलो," मी म्हटलं. "हे प्लास्टर एकदा घट्ट झालं की दळून परत वापरता येत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. आता सांगा, आमची प्रेतं कुठे आहेत?"

"काय?"

"कुठे पडलीत?"

भाऊजींनी मान वळवली. "दरीत. तळाशी, खडकांवर."

"दोराला बांधलेलीच?"

"हो," ते हळू म्हणाले. "गाठी पक्क्या होत्या."

"आणि सुऱ्या?"

"म्यानात. चौघांच्याही."

"मग ती प्रेतं वर कोण आणणार?"

ताईने खुर्ची ओढली. "मी जाते. मी वैद्याची आई आहे."

"मी भोपळ्याची बायको," नळवाला म्हणाला. "मला त्याला चार शिव्या घालायच्यात."

"मी दोर विकणारी," मी म्हटलं. "माझा दोर तुटला नाही, हे सगळ्या गावाला दाखवायचंय मला."

"पण राणी प्रेतं उचलू देईल?" पणबाईने विचारलं. ही बाई चुकूनही चुकीचा प्रश्न विचारत नाही.

"देईल कशी?" भाऊजी खुर्चीत पुढे सरकले होते. "दवंडी पिटलीय तिने. दोर कापायची अक्कल नव्हती ते मूर्ख मेले, त्यांना हात लावेल त्याचीही तीच गत. ती प्रेतं तिथेच सडायला हवीत तिला. चौघांकडे सुऱ्या होत्या आणि एकानेही कापलं नाही, हे गावांना कळलं तर तिच्याने गावं आवरायची नाहीत."

"मग कळवू या," ताई म्हणाली. वैद्याच्या आईचा आवाज होता तो, बारीक अजिबात नव्हता.

"पण मी तर जादूगाराची शिष्या," पणबाई म्हणाली. "मला अजून काहीच येत नाही."

"कड्यावर आलात," भाऊजी म्हणाले. "रात्र आहे, पहारेकरी फार लांब नाहीत. कसे उतरणार?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. "एकाच दोराने," मी म्हटलं. "चौघंही."

"परत?" ते केवढ्याने तरी ओरडले. शेजाऱ्यांच्या घरात ऐकू गेलं असणार. "परत तीच चूक?"

"तीच. हजारदा तीच."

भाऊजींनी कुबड्या घेतल्या आणि टेबलाशी येऊन आमच्याकडे एकेक करून बघितलं. मग टेबलावरच्या भुग्यात बोट फिरवून त्यांनी भोपळ्याचा एक मोठा तुकडा उचलला आणि पेटीतला नकाशा पसरून त्यावर कड्याच्या टोकाला ठेवला. आजवर त्यांनी कधी स्वतःचं माणूस खेळात आणलं नव्हतं.

"हा कोण?" ताईने विचारलं.

"रहाटवाला. किल्ल्याच्या विहिरीवर होता, पाय गेला म्हणून राणीने हाकलला. तुमच्यासारख्या अडाण्यांना वरून दोर धरायला कुणीतरी नको? आणि दोर धरायला पाय लागत नाही. तो खडकाला नीट बांधायची अक्कल लागते, आणि ती तुमच्यातल्या एकालाही नाही." त्यांनी पत्र्याचं ताट मधोमध सरकवलं आणि फासा माझ्या हातावर ठेवला. "टाक. आणि भोपळ्याच्या बायकोला या खेपेला सगळ्यात शेवटी बांधा."